कॅथेटर ऊतकनाशनाचे विरळ उपद्रव

हृदयाच्या स्पंदनांतील अनियमितता दूर करण्यासाठी जांघेतील नीलेवाटे कॅथेटर (बारीक, लवचिक नळी) हृदयात नेऊन, विकृत विद्युत् संवेग निर्माण करणाऱ्या वा वाहून नेणाऱ्या ऊतकाचा मर्यादित नाश करणे, यास कॅथेटर ऊतकनाशन म्हणतात. हा उपचार मानवात प्रथम १९८१ मध्ये अमेरिकेत एकदिश विद्युत् प्रवाहाच्या झटक्याने करण्यात आला. पुढे रेडिओ कंप्रतेची उष्णता व अतिशीतन यांचा वापर सुरू झाला. अलिंदाच्या विस्कळीत, अतिजलद स्पंदनाचा उगम पुष्कळदा फुप्फुस-नीलांच्या मुखाशी असतो, असे मीशेल आईसागेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉर्दो येथे १९९८ मध्ये दाखविल्यापासून डाव्या अलिंदात हे उपचार मोठ्या प्रमाणावर होऊ लागले.

जांघेत रक्त साकळणे हा नेहमीचा व बहुधा किरकोळ उपद्रव होय. परिहृदात रक्त साचून हृदय दाबले जाणे, मेंदूत रक्ताची गुठळी जाणे, मध्यपटलाच्या तंत्रिकेस इजा होणे, फुप्फुस-नीला आकुंचित होणे हे क्वचित घडते. यांपैकी शेवटचा सोडल्यास बाकीचे बहुतेक शस्त्रक्रियेच्या वेळी वा लगेच नंतर, म्हणजे रुग्ण रुग्णालयात असतानाच, लक्षात येतात.

सर्वांत विरळ व सर्वांत घातक उपद्रव मात्र रुग्ण घरी परतल्यावर प्रकट होतो. डाव्या अलिंदाची मागील भित्ती व ग्रसिका (अन्ननलिका) यांत अवघे काही मिलिमीटर अंतर असते. भित्तीस दिलेली उष्णता ग्रसिकेपर्यंत पोहोचल्यास तेथे व्रण होतो आणि एक ते सहा आठवड्यांत, क्वचित त्याहून उशिरा, दोहोंमध्ये आरपार मार्ग (नालव्रण) तयार होतो. हजारात एकाहूनही कमी रुग्णांत हे घडते; पण घडल्यास निम्म्याहून अधिक रुग्ण दगावतात. ग्रसिकेतील हवा, अन्नकण व जंतू रक्तात शिरून मेंदूपर्यंत जातात. ताप, छातीत दुखणे, गिळताना वेदना, रक्ताची उलटी, पक्षाघातासारखी लक्षणे हे त्याचे स्वरूप.

पुण्यात उपचार घेऊन दोन-तीन दिवसांत सातारा-सोलापूरकडील गावी परतलेल्या रुग्णाला महिन्याने ताप आला, तर तो हिवतापाचा वा विषमज्वराचा समजला जाणे अगदी स्वाभाविक आहे. हृदयावरील उपचाराचा उल्लेख रुग्ण करीलच असे नाही. गिळताना दुखते म्हणून ग्रसिकेत दुर्बीण घालणे तर विशेष धोक्याचे, कारण त्या वेळी आत सोडलेली हवा थेट हृदयात जाऊन तत्काळ मृत्यू ओढवू शकतो. योग्य तपासणी म्हणजे छातीचे सीटी स्कॅन. पहिले निर्दोष आले तरी संशय असल्यास ते पुन्हा करावे लागते. निदान होताच शस्त्रक्रियेने छिद्र बुजविणे हाच जगण्याचा मुख्य आधार असतो.

प्रतिबंधासाठी मागील भित्तीवर ऊर्जा बेताने देतात, ग्रसिकेचे तापमान मोजत राहतात व नंतर काही आठवडे आम्लशामक औषधे देतात. त्यांचा निश्चित लाभ सिद्ध झालेला नाही. अलीकडे उष्णतेऐवजी विद्युत् क्षेत्राच्या सूक्ष्म स्पंदांनी ऊतकनाश करतात. सतरा हजारांहून अधिक रुग्णांच्या २०२४ मधील पाहणीत त्यामुळे असा नालव्रण झाल्याचे आढळले नाही. मात्र या पद्धतीत हृद्-रोहिणीचा आकस्मिक संकोच आणि तांबड्या कोशिका फुटून वृक्कास होणारी इजा, हे विरळ पण नवे उपद्रव दिसून आले आहेत.