‘हो’ म्हणजे नक्की काय?

विद्येसाठी परदेशी जाणे ही बडोदेकरांना नवलाईची गोष्ट नव्हे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी कितीतरी होतकरू तरुणांना शिष्यवृत्त्या देऊन सातासमुद्रापलीकडे धाडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, ते याच संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. त्या पिढीने तिकडून कायदा आणला, अर्थशास्त्र आणले, यंत्रविद्या आणली. पण बोलणेचालणे शिकण्यासाठी कोणी परदेशी जावे, हे मात्र अजूनही आपल्या लोकांना चमत्कारिक वाटते. हॉलंडमधील एका उन्हाळी वर्गात मी ‘व्यवसायातील व परसंस्कृतीशी संवाद’ हा विषय शिकून आलो, तेव्हापासून भेटणारा प्रत्येक जण एकच विचारतो : बोलायला तर इथेही येत होते, मग तिथे जाऊन काय मिळवले? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठीच हा लेखप्रपंच.

युरोपातील अनेक विद्यापीठे उन्हाळ्याच्या सुटीत आपले वर्ग परदेशी विद्यार्थ्यांना मोकळे करतात. काही आठवडे तेथे राहायचे, शिकायचे आणि परतायचे. मी गेलो ते उट्रेख्त या जुन्या शहरात. तेथील विद्यापीठ १६३६ सालचे. गावातून कालवा वाहतो आणि गावावर शंभर मीटरहून उंच असा दोमचा मनोरा पहारा करतो. १६७४ च्या वादळात या देवळाचा मधला भाग कोसळला. तेव्हापासून मनोरा एकीकडे आणि देऊळ दुसरीकडे, मध्ये मोकळी जागा. जुलैत तेथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे वर्ग सुटला तरी बोलणे सुटत नाही.

आमच्या वर्गात ब्राझील, कोरिया, जर्मनी, इंडोनेशिया, अमेरिका अशा निरनिराळ्या देशांची मंडळी होती. सकाळी व्याख्यान आणि दुपारी तालीम, असा क्रम. तालीम म्हणजे खोट्या बैठका, खोट्या मुलाखती आणि खरी पत्रे. एके दिवशी सर्वांना एकच पत्र लिहायला सांगितले. गिऱ्हाइकाला शुक्रवारी माल हवा आहे, तो देणे शक्य नाही, उत्तर लिहा. एका डच मुलाने दोन ओळीत काम संपवले : शुक्रवारी माल मिळणार नाही, मंगळवारी मिळेल. इंडोनेशियाच्या मुलीने आधी आभार मानले, मग अडचण सांगितली आणि शेवटी ‘आम्ही शक्य ते सर्व प्रयत्न करू’ असे लिहिले.

पत्रे फिरवून प्रत्येकाला विचारण्यात आले, ‘माल शुक्रवारी येणार की नाही?’ इंडोनेशियाच्या पत्रावर जर्मन मुलगी म्हणाली, ‘येणार. प्रयत्न करू असे लिहिले आहे ना!’ कोरियाचा मुलगा म्हणाला, ‘छे, येणार नाही. स्पष्टच तर आहे.’ उलट, डच मुलाचे पत्र वाचून हाच कोरियाचा मुलगा चिंतेत पडला. याला आपल्याशी पुढे व्यवहारच ठेवायचा नाही, असे त्याला वाटले. सर्वांची इंग्रजी उत्तम, व्याकरणाची चूक एक नाही, आणि तरीही एका वाक्याचे दोन उलट अर्थ! आपल्याकडचे ‘बघू’ आठवून मला मनातल्या मनात हसू आले. आपले ‘बघू’ ज्याला कळते त्याला ते नकार म्हणूनच कळते. परक्या माणसाला ती आशा वाटते.

या गोष्टींचे रीतसर शास्त्र फार जुने नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने आपले अधिकारी देशोदेशी पाठवायला सुरुवात केली. भाषा शिकून गेलेले अधिकारीही तिथे अडखळू लागले, तेव्हा एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञाने त्यांना शिकवता शिकवता या विषयाचा पाया घातला. वेळ, अंतर, मौन, हातवारे हीसुद्धा भाषाच, हे त्याने १९५९ साली ‘द सायलेंट लँग्वेज’ या पुस्तकात मांडले. बडोदेकरांना हे वेगळे सांगायला नको. १९११ च्या दिल्ली दरबारात सयाजीराव महाराजांनी बादशहापुढे एकदाच मान लववली आणि पाठ फिरवून ते चालू लागले, एवढ्यावरून लंडनच्या वर्तमानपत्रांत केवढा गदारोळ उठला! आपण गोंधळून गेलो होतो, असा खुलासा महाराजांना व्हाइसरॉयकडे पत्राने करावा लागला. तो गोंधळ होता की बाणेदारपणा, यावर लोक आजही वाद घालतात. शब्द एकही उच्चारला गेला नव्हता.

या शास्त्रातले दुसरे मोठे नाव हॉलंडचेच : खेर्ट हॉफस्टेड. आयबीएम या कंपनीच्या देशोदेशींच्या नोकरांना १९६७ ते १९७३ या काळात विचारलेल्या प्रश्नांची एक लाखाहून अधिक उत्तरपत्रे त्यांनी अभ्यासली आणि १९८० साली आपला ग्रंथ लिहिला. वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातले अंतर लोक कितपत मुकाट्याने मान्य करतात, याचे त्यांनी माप काढले. त्यात हॉलंडचा आकडा ३८ आणि भारताचा ७७. हा आकडा फळ्यावर आला तेव्हा वर्गातल्या काही नजरा माझ्याकडे वळल्या. अर्थात एकाच कंपनीच्या नोकरांवरून साऱ्या देशाचा स्वभाव कसा ठरवता, असा आक्षेप पुढे अनेक पंडितांनी घेतला आणि तोही आम्हांला शिकवला गेला.

आकड्यांचे काहीही असो, डच माणसाचा मोकळेपणा डोळ्यांना दिसतो. आमच्या गटाची योजना एका डच विद्यार्थिनीने ‘ही चांगली नाही’ अशा तीन शब्दांत मोडीत काढली आणि घटकाभरात आमच्याच शेजारी बसून पाव, चीज आणि पेलाभर ताक घेत ती गप्पा मारू लागली. होय, ताक! तिकडे दुपारच्या जेवणात ते आवडीने पितात. टीका योजनेवर होती, माणसावर नव्हती, हे समजायला आम्हां काही जणांना दोन दिवस लागले. विद्यार्थी प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारतात आणि भर वर्गात ‘हे मला पटत नाही’ म्हणतात. हे सारे पाहून मनात येऊ लागले की स्पष्ट बोलणारे ते शहाणे आणि आडून बोलणारे आपण मागासलेले.

हा समज आमच्या डच प्राध्यापकांनीच मोडला, आणि तोही त्यांच्या देशाच्या सर्वांत दुःखद आठवणीने.

२७ मार्च १९७७. कॅनरी बेटांपैकी तेनेरीफ बेटावरचा विमानतळ. शेजारच्या बेटावर बॉम्बस्फोट झाल्याने अनेक विमाने इकडे वळवलेली. त्यांत दोन जंबो जेट, एक डच केएलएमचे, दुसरे अमेरिकन पॅन अॅमचे. धुके इतके की धावपट्टी दिसेना. डच विमान पट्टीच्या टोकाशी उभे, अमेरिकन विमान त्याच पट्टीवरून अजून चालत होते. डच सहवैमानिकाने मनोऱ्याला इंग्रजीत जे सांगितले, त्याचा अर्थ ‘आम्ही उड्डाणाच्या जागी आहोत’ असाही होई आणि ‘आम्ही उड्डाण करीत आहोत’ असाही होई. स्पॅनिश नियंत्रकाने आरंभी ‘ओके’ म्हटले. ‘थांबा, मी सांगेन तेव्हा निघा’ हे पुढचे शब्द मात्र त्याच क्षणी अमेरिकन वैमानिकही बोलल्यामुळे रेडिओच्या शिट्टीत विरले. तीन देशांची माणसे, तिघांची इंग्रजी आणि एक ‘ओके’.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. विमान धावू लागले असताना मागे बसलेल्या डच फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. त्याने आपल्या मातृभाषेत विचारले, ‘तो पॅन अमेरिकन अजून बाजूला झाला नाही का?’ कप्तान हा कंपनीचा अत्यंत ज्येष्ठ वैमानिक, इतर वैमानिकांना शिकवणारा. तो ठासून म्हणाला, ‘यावेल!’ म्हणजे आपल्या मराठीत, ‘झाला की!’ त्या एका शब्दानंतर इंजिनिअरने पुन्हा विचारले नाही. काही सेकंदांत विमाने एकमेकांवर आदळली. ५८३ माणसे गेली. डच विमानातले तर कोणीही वाचले नाही.

वर्ग निःशब्द होता. प्राध्यापक इतकेच म्हणाले, ‘दोघेही डच होते. भाषा एकच होती. आमचा आकडा ३८ आहे.’

त्या दिवशी मला या विषयाचे मर्म उमगले. परसंस्कृती म्हणजे केवळ परका देश नव्हे. वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यामध्येही एक सरहद्द असते आणि ती प्रत्येक देशात असते; कुठे भिंतीएवढी, कुठे उंबरठ्याएवढी. त्या अपघातानंतर विमानवाहतुकीत दोन सुधारणा झाल्या. एक भाषेची : ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा, एरवी नाही; आणि महत्त्वाच्या हुकमाला नुसते ‘ओके’ न म्हणता तो हुकूम परत उच्चारून दाखवायचा. दुसरी सुधारणा माणसांची : कनिष्ठाने शंका धिटाईने आणि पुन्हा पुन्हा मांडावी, ज्येष्ठाने ती ऐकून घ्यावी, याचे रीतसर शिक्षण वैमानिकांना देण्यात येऊ लागले. पुढे हे धडे शस्त्रक्रियेच्या खोलीपर्यंत पोहोचले.

एवढ्यासाठी परदेशी जावे का? खर्च हलका नाही आणि हे सारे पुस्तकांतही मिळते. पण एक गोष्ट पुस्तक देत नाही. तिथे प्रत्येक जण कधी ना कधी ‘न समजणारा’ ठरतो, आणि न समजणाऱ्याला पुन्हा विचारणे किती जड जाते, हे अंगावर आल्याखेरीज कळत नाही.

तसे पाहता हा विषय आम्हां बडोद्याच्या मराठी मंडळींच्या घरातलाच आहे. पिढ्यान् पिढ्या आपण दोन भाषांत नांदतो. गुजरातीत ‘नवरो’ म्हणजे रिकामटेकडा, यावरून प्रत्येक मराठी घरात एकदा तरी हशा पिकलेला असतो. आपण निरोप घेताना ‘येतो’ म्हणतो आणि गुजराती शेजारी ‘आवजो’ म्हणतो. जाण्याच्या वेळी दोघेही येण्याचीच भाषा बोलतो, हे त्या वर्गात सांगितले तेव्हा सर्वांना फार गंमत वाटली. शब्दांची सरहद्द आपण केव्हाच ओलांडली.

दुसरी सरहद्द मात्र अजून उभी आहे. आरंभी ज्यांचे नाव घेतले ते बाबासाहेब १९१७ साली कोलंबिया आणि लंडनहून शिकून बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. त्यांच्या इंग्रजीत उणे नव्हते, विद्वत्तेत नव्हते. तरी कचेरीतले शिपाई त्यांच्या मेजावर कागद दुरून फेकीत. या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून काठ्याधारी जमावाने त्यांना बाहेर काढले आणि त्यांना कमाठीबागेत काही तास काढून मुंबईची गाडी धरावी लागली. बोलणारा कितीही तयार असो, ऐकणाऱ्याने त्याला आपल्या बरोबरीचा माणूस मानले नाही, तर सारे संवादकौशल्य व्यर्थ आहे. हे आम्हांला शिकवायला हॉलंडची गरज नव्हती. आमच्याच शहराने तो धडा लिहून ठेवला आहे.

आजही आपल्या कारखान्यांत, कचेऱ्यांत, इस्पितळांत काम सांगून झाले की साहेब विचारतात, ‘समजले ना?’ आणि समोरून ‘हो साहेब’ येते. हे ‘हो’ समजल्याचे असते, भीतीचे असते, की नुसत्या रीतीचे असते, हे साहेबांना कळायला मार्ग नसतो. त्याऐवजी, ‘आता काय करायचे ठरले, ते तुम्ही सांगा पाहू,’ असे विचारून पाहावे. सांगणाऱ्याने चूक सांगितली तर रागावू नये आणि शंका काढली तर आभार मानावे. याला व्हिसा लागत नाही, शिष्यवृत्ती लागत नाही. फक्त ज्याच्या हाती अधिकार आहे, त्याने आधी सुरुवात करायला हवी.