जादूमागचं विज्ञान आणि मानसशास्त्र : वर्गात करून पाहण्याचे दोन प्रयोग



मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. परिसर अभ्यासाच्या तासाला चौथीतला एक मुलगा उठून म्हणाला, "सर, आमच्या घरी महाराज आल्ते. त्यांनी लिंबू कापलं तर रक्त निघालं. म्या माझ्या डोळ्यानं पाह्यलं." त्याच्या आजीचे गुडघे दुखायचे. 'करणी झालीय' असं सांगून कापसाच्या पैशातले दोन हजार रुपये नेले आणि दवाखाना महिनाभर लांबला.

मुलगा खोटं बोलत नव्हता. लाल थेंब त्याला खरंच दिसले होते. अशा वेळी "तसं काही नसतं" एवढं सांगून भागत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मी वर्गातच लिंबू कापलं.

प्रयोग 1 : लिंबातलं 'रक्त'

लाल जास्वंदीच्या पाकळ्या सुरीच्या पात्यावर चोळा आणि पातं वाळू द्या. लांबून काही कळत नाही. या सुरीने लिंबू कापलं की लाल रस गळतो. जास्वंदीच्या रंगद्रव्याचा रंग आम्लात लाल होतो आणि लिंबाच्या रसात सायट्रिक आम्ल असतं, एवढंच. आता हळदीच्या पाण्यात चिमूटभर खायचा चुना टाका. तेही लाल होतं, कारण चुना अल्कली आहे. आम्ल आणि अल्कली ओळखायचा धडा इथेच होऊन जातो. मग आपल्या जालन्याची मोसंबी त्याच सुरीने कापा. रंग लिंबाइतका गडद येतो का, हे मुलांनाच ठरवू द्या.

प्रयोग 2 : हवेत गायब होणारा चेंडू

एक छोटा चेंडू दोनदा वर फेकून झेला. तिसऱ्या वेळी हात तसाच हलवा, नजरही वर न्या, पण चेंडू मुठीतच ठेवा. "चेंडू वर गेला आणि गायब झाला!" असं बरीच मुलं शपथेवर सांगतात.

इथे रसायन नाही, मन आहे. दोनदा घडलं ते तिसऱ्यांदाही घडणार, असा अंदाज मेंदू आधीच बांधतो. शिवाय समोरचा माणूस जिकडे पाहतो तिकडे आपलं लक्ष जातं. 2006 साली गुस्ताव कून आणि मायकेल लँड या संशोधकांनी हाच खेळ तपासला. जादूगाराने वर पाहिलं तेव्हा सुमारे दोन तृतीयांश लोक फसले; त्याने हाताकडे पाहिलं तेव्हा सुमारे एक तृतीयांशच. तुम्हीही दोन्ही प्रकारे करून फसलेल्यांचे हात मोजा. गणिताचा तासही साधेल.

जादूगार आणि भोंदू

हातचलाखी दोघांकडेही असते. जादूगार 'हा खेळ आहे' असं सांगून तिकीट घेतो. भोंदू त्याच खेळाला दैवी शक्ती म्हणतो आणि घाबरलेल्या, आजारी माणसाला गाठतो. भीती वाटत असली की माणूस सुरीकडे पाहतच नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 1989 मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते असे 'चमत्कार' गावोगावी करून दाखवतात आणि मागचं विज्ञान सांगतात. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला औषधोपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा त्यानुसार गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. शेतात राबणाऱ्या प्रत्येक घराला हे माहीत हवं.

एवढी काळजी घ्या

सुरी शिक्षकांनीच वापरावी. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नये. आग पेटवण्याचे किंवा जळता कापूर तोंडात धरण्याचे प्रयोग वर्गात अजिबात नकोत. आणि फसलेल्या माणसाला हसू नका. डोळे आणि मेंदू आपलेही तसेच आहेत.

त्या मुलाने घरी आजीसमोर लिंबू कापलं. आजी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मंग माझे पैसे?" पैसे काही परत आले नाहीत, पण त्या आठवड्यात आजी सरकारी दवाखान्यात गेली.

तुमच्या वर्गात हे दोन्ही प्रयोग करून बघा आणि मुलांनी काय प्रश्न विचारले ते नक्की कळवा.