ठासणीची बंदूक आणि शंकूच्या आकाराची गोळी

गोव्याच्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील काजूच्या बागायतींना व डोंगरउतारावरील शेतांना रानडुक्कर, माकड, साळिंदर आणि गवा यांचा उपद्रव नवा नाही. तिलारीच्या रानातून अधूनमधून हत्तीही या बाजूला उतरतात. या उपद्रवावर कायद्याने मान्य केलेले एक साधन म्हणजे ठासणीची बंदूक. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या १३ व्या कलमात पीकसंरक्षणासाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, आणि उत्तर गोव्यातील कित्येक शेतकरी कुटुंबांकडे असे परवाने आहेत. पाश्चात्त्य देशांत मात्र याच जातीचे शस्त्र आजही हौशी शिकारीसाठी वापरले जाते आणि तेथे गोल गोळीऐवजी शंकूच्या आकाराची लांबट गोळी पसंत केली जाते. तीच गोळी पेडण्यातल्या बंदुकीला का चालत नाही, याचे उत्तर नळीच्या आतल्या पृष्ठभागात आहे.

ठासणीच्या बंदुकीत आजच्यासारखे धातूचे काडतूस नसते. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग बोळा आणि त्यावर गोळी किंवा छर्रे घालून ते सर्व गजाने ठासावे लागते. पेट देण्यासाठी पूर्वी जळता तोडा, नंतर चकमक आणि एकोणिसाव्या शतकापासून घोड्याच्या आघाताने फुटणारी टोपी वापरात आली. या तंत्राशी गोव्याचा संबंध फार जुना आहे. १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या अफोंसो द अल्बुकर्कने तीनच वर्षांनी पोर्तुगालच्या राजाला पाठवलेल्या पत्रात, येथील कारागिरांच्या बंदुका बोहेमियातील बंदुकांच्या तोडीच्या असल्याचे कळवले होते. गोव्यात घडलेली तोड्याच्या बंदुकीची धाटणीच पुढे पूर्वेकडे जपानपर्यंत पोहोचली, असे काही शस्त्र-अभ्यासकांचे मत आहे.

या जुन्या बंदुकांची नळी आतून गुळगुळीत असे. झटपट ठासता यावी म्हणून गोळी नळीपेक्षा थोडी लहान ठेवावी लागे, त्यामुळे ती बाहेर पडताना नळीच्या भिंतींवर आपटत जाई आणि शेवटचा धक्का ज्या बाजूला बसेल त्यावर तिची दिशा ठरे. नळीत पिळाच्या खाचा पाडल्या, तर गोळी स्वतःभोवती फिरत निघते आणि भोवऱ्याप्रमाणे आपला अक्ष टिकवून धरते. अशा खाचांची बंदूक म्हणजे रायफल. मात्र खाचांत रुतण्याइतकी घट्ट गोळी तोंडाकडून ठासणे वेळखाऊ होते, विशेषतः काही बारांनंतर, कारण सोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारू जळताना तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात मागे उरतो आणि त्याची पुटे नळीत चढत जातात.

यावरचा तोडगा काही अंशी भारतातून सुचला असे सांगितले जाते. जॉन नॉर्टन या इंग्रज कॅप्टनने दक्षिण भारतातील फुंकनळ्या पाहिल्या होत्या, ज्यांच्या बाणाच्या बुडाशी कमळाच्या देठाचा भेंडासारखा भाग असे आणि फुंकर बसताच तो फुगून नळी बंद करी. त्याने १८२३ मध्ये बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी तयार केली. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ती नाकारली, आणि त्याच तत्त्वावरची गोळी १८४९ मध्ये फ्रेंच अधिकारी क्लोद-एतिएन मिनिए याच्या नावाने प्रसिद्ध झाली. सैल असल्याने ती सहज आत उतरते, पण बार होताच वायूच्या दाबाने मऊ शिशाचा पोकळ घेर फुगून खाचांत घट्ट बसतो. १८५३ च्या एन्फील्ड रायफलमध्ये हेच तत्त्व होते, आणि जिच्या चरबी लावलेल्या कागदी काडतुसांवरून १८५७ चा भडका उडाला, ती हीच रायफल. तिच्या सुमारे १४.७ मिलिमीटर नळीत बसणारी गोल गोळी १८ ग्रॅमच्या आसपास भरते, तर लांबट गोळीचे वजन ३४ ग्रॅम होते. जाडी तेवढीच आणि वजन जवळजवळ दुप्पट असल्याने हवेचा विरोध तिला कमी जाचतो आणि ती दूरवर मारा करते.

लांबट गोळीची अडचण अशी की तिच्यावरील हवेचा दाब गुरुत्वमध्याच्या पुढे एकवटतो, त्यामुळे पुरेशी गिरकी नसेल तर ती हवेत कोलांट्या खाते. किती गिरकी हवी याचा सोपा हिशेब आल्फ्रेड ग्रीनहिल या इंग्रज गणितज्ञाने १८७९ मध्ये मांडला. गोळीच्या व्यासाच्या वर्गाला लांबीने भागून १५० ने गुणले की खाचांचा एक पूर्ण वेढा किती अंतरात हवा ते मिळते. १२.७ मिलिमीटरच्या गोल गोळीला त्यानुसार सुमारे १९० सेंटिमीटरमध्ये एक वेढा पुरतो, तर त्याच व्यासाच्या दुप्पट लांब गोळीला तो ९५ सेंटिमीटरमध्येच लागतो. म्हणून शिकारीची ठासणीची रायफल निवडताना जाणकार आधी नळीचा पीळ पाहतात आणि मग गोळी ठरवतात. मंद पिळाला कापडात गुंडाळलेली गोल गोळी, जलद पिळाला लांबट. या क्रमाला फारसा अपवाद नाही.

गुळगुळीत नळीला पीळच नसल्यामुळे तिच्यात घातलेली लांबट गोळी थोड्याच अंतरात आडवी होते आणि तिचे सगळे गुण वाया जातात. त्याहून गंभीर प्रश्न नळीच्या ताकदीचा आहे. जड गोळी जागची हलायला वेळ घेते, तेवढ्यात दाब चढतो, आणि पावसाळ्यांच्या दमटपणाने आतून गंजलेल्या जुन्या नळीला तो पेलेलच असे नाही. बंदूक तोंड खाली करून नेताना सैल गोळी पुढे सरकली आणि दारू व गोळी यांच्यामध्ये पोकळी राहिली, तर नळी फुगण्याचा किंवा फुटण्याचा धोका आणखी वाढतो. शिवाय काजूच्या बागायतीपलीकडे लगेच वाडी असलेल्या या मुलखात दूरवर जाणारी गोळी हा गुण नसून दोष आहे.

मुळात येथे शिकारीला वावच नाही. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या ९ व्या कलमाने शिकारीला मनाई आहे, आणि उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या प्राण्याला मारण्याची परवानगी ११ व्या कलमाखाली वनखात्याच्या सक्षम अधिकाऱ्यानेच द्यावी लागते. बंदुकीचा परवाना म्हणजे ती परवानगी नव्हे. त्यामुळे शेतकऱ्याच्या ठासणीच्या बंदुकीचे खरे काम उरते ते आवाजाचे, आणि त्यासाठी गोळीविना काढलेला दारूचा बार पुरेसा होतो. निवडणुकीची आचारसंहिता लागली की मात्र या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. गोवा विधानसभेचे २०१७ आणि २०२२ चे मतदान फेब्रुवारीत आणि लोकसभेचे २०२४ चे मतदान ७ मे रोजी झाले, म्हणजे काजूच्या हंगामाच्या दिवसांतच या बंदुका शेतकऱ्याच्या हाताशी नव्हत्या.