इरईच्या चुनखडीवरचे ओरखडे

चंद्रपूर जिल्ह्यात पैनगंगेच्या काठी इरई हे गाव आहे. तिथल्या चुनखडीच्या गुळगुळीत पाठीवर समांतर ओरखडे आणि उथळ खोबणी दिसतात, आणि त्याच पाठीवर चिखलात रुतलेल्या गोट्या-धोंड्यांचा थर बसलेला आहे. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी विदर्भाच्या या भागावरून बर्फ सरकत गेला, याचा हा थेट पुरावा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फ्रान्सिस फेडन यांनी तो १८७५ मध्ये प्रसिद्ध केला.

असे गोटे त्याआधीच ओडिशातल्या तालचेर भागात सापडले होते. ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांनी १८५६ मध्ये त्यांचे श्रेय बर्फाला दिले, तेव्हापासून हा खडक तालचेर नावाने ओळखला जातो. उष्ण कटिबंधात बर्फ, ही कल्पना मात्र सहज पटणारी नव्हती. इरईचे महत्त्व त्यामुळेच मोठे. गोटे वाहून आलेले असू शकतात, पण खालचा खडक जागचा हललेला नाही.

बर्फ स्वतः मऊ असतो, चुनखडीवर तो रेघही उमटवू शकत नाही. काम करतात ते त्याच्या तळाशी गोठून बसलेले दगड. वरचा भार त्यांना जमिनीवर दाबतो, सरकणारा बर्फ त्यांना ओढत नेतो. जमीन घासली जाते, तसा दगडही घासला जातो. एक बाजू सपाट होते, मग अडखळून दगड वळतो आणि दुसरी बाजू झिजू लागते. म्हणून हिमानी गोटा इस्त्रीसारखा दिसतो: सपाट बूड, बोथट कडा आणि बुडावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा. नदीतला गोटा सगळीकडून गोलसर होतो. शिवाय नदी दगड निवडत नेते, जडापासून हलके वेगळे करते. बर्फ मात्र पिठासारखा गाळ आणि माणसाएवढा धोंडा एकाच ठिकाणी टाकून वितळतो.

तालचेर खडकांत गोट्यांच्या या थरासोबत हिरवट शेल आढळतो, लांब टोकदार काड्यांत फुटणारा. त्याच्या पातळ पापुद्र्यांत मधेच एखादा एकटा दगड बसलेला असतो. खालचे पापुद्रे दबलेले, वरचे त्याच्यावरून वळसा घेऊन गेलेले. तरंगत्या हिमखंडातून सुटलेला दगड शांत पाण्याच्या तळावर पडला, एवढी एक घटना तिथे जशीच्या तशी टिकून आहे. पुढे हवा उबदार झाली, दलदली वाढल्या आणि वर्धा खोऱ्याचा कोळसा तयार झाला. कोळशासाठी खोदताना तालचेर लागला, की खाली कोळसा नाही असेच समजतात.

हे जुने खडक सगळीकडे उघडे नाहीत. उदाहरणार्थ, इंदूरच्या सुदामा नगरात बोअर घेतला तर मुरूम आणि काळा बेसॉल्ट लागतो. हा थिजलेला लाव्हा जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा आहे. त्याच्या पांघरुणाखाली काय दडले आहे ते वरून कळत नाही. त्यामुळे बर्फाची हद्द आखायची ती अशा मोजक्या उघड्या जागांवरूनच.

पण या जागाही सगळे सांगत नाहीत. ओरखडा दिशेची रेषा देतो. बर्फ तिच्यावरून इकडून तिकडे गेला की तिकडून इकडे, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी एका बाजूने घासलेले आणि दुसऱ्या बाजूने उखडलेले उंचवटे शोधावे लागतात, किंवा गोट्यांचा मूळ खडक कुठला ते पाहावे लागते. निघालेली दिशा आजच्या नकाशावरची असते. तेव्हा भारत दक्षिण गोलार्धात अंटार्क्टिकाला लागून होता, आणि पुढच्या प्रवासात तो फिरलाही. आल्फ्रेड वेगेनर यांनी भूखंड सरकतात असे मांडताना दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि भारतातल्या अशाच थरांचा आधार घेतला होता.

बर्फ एकदाच आला की अनेकदा, हे ठरवणे आणखी कठीण. नवी चाल जुनीच्या खुणा खरवडून टाकते, त्यामुळे बहुधा शेवटचीच चाल वाचता येते. उतारावरून घसरलेला चिखलही लहानमोठे दगड एकत्र आणतो आणि हिमानी थराचा भास निर्माण करतो. प्रस्तरभंगात घासलेल्या खडकावरही समांतर रेघा उमटतात. म्हणून थर, गोटे आणि तळ ही तिन्ही एकत्र सापडली तरच निदान पक्के मानता येते.

इरईची खरी काळजी चुनखडीचीच आहे. गोट्यांच्या थराखाली ओरखडे सुरक्षित राहतात. थर धुपून निघाला की ते दिसू लागतात, आणि त्याच दिवसापासून पावसाचे पाणी चुनखडी विरघळवत त्यांना पुसू लागते. त्यातच चुनखडी आणि कोळसा या दोन्हींसाठी चंद्रपूर जिल्ह्यात मोठ्या खाणी आहेत. एकदा फोडलेला तळ पुन्हा मोजता येत नाही. त्यामुळे उघड्या पडलेल्या प्रत्येक पट्ट्यावरच्या रेघांच्या दिशा आणि छायाचित्रे वेळेत नोंदवून ठेवणे, हे इथले सर्वांत तातडीचे काम आहे.