कूलंटचा दिवा उगाच लागतो तेव्हा

आंबा घाट उतरून साखरपा-देवरुखमार्गे संगमेश्वरला येताना जुन्या कॅम्पर व्हॅनचा कूलंटचा लाल दिवा लुकलुकू लागला, तर आधी दिव्यावर विश्वास ठेवा. गाडी बाजूला घ्या, इंजिन पूर्ण गार होऊ द्या; तापलेलं झाकण उघडलं तर उकळतं पाणी अंगावर उडतं. टाकीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये असेल, तरच संशय सेन्सरवर घ्यायचा.

बऱ्याच जुन्या गाड्यांत हा सेन्सर म्हणजे कूलंटमध्ये बुडालेल्या धातूच्या दोन काड्या. कूलंटमधून बारीकसा वीजप्रवाह वाहतो तोवर दिवा विझलेला. पातळी उतरली की प्रवाह तुटतो आणि दिवा लागतो. काड्यांवर क्षार चढले तरी तेच. नुसतं डिस्टिल्ड वॉटर भरलं असेल तरीही, कारण त्यातून वीज नीट वाहत नाही.

संगमेश्वरला शास्त्री-सोनवी नद्यांच्या काठी पाऊस चार महिने कोसळतो. त्या दमट हवेत सेन्सरच्या प्लगच्या पितळी पिना हिरव्या पडतात. माझ्या मते पहिला हात तिथेच घालावा: प्लग काढा, पिना घासा, पुन्हा घट्ट बसवा. तरी दिवा जात नसेल, तर इंजिन बंद आणि चावी चालू ठेवून सेन्सरकडे जाणाऱ्या दोन्ही वायरी क्षणभर एकमेकींना जोडा. दिवा विझला, आणि काड्यांवर क्षार किंवा टाकीत नुसतं डिस्टिल्ड वॉटर नसेल, तर सेन्सर बदला. नाही विझला तर वायरिंग आणि रिले तपासा.