वजनाचा हिशोब (भाग ४) : चालणं एकदाच मोजा

जळगावात मेहरूण तलावावर पहाटे चालणाऱ्यांची गर्दी असते, धुळ्यात पांझरेच्या काठच्या रस्त्यांवरही. आणि दोन्हीकडे तक्रार एकच : रोज तासभर चालतो, पण काटा काही हलत नाही. बहुतेकदा घोळ चालण्यात नसतो. दिवसाला किती खायचं, हा आकडा ठरवतानाच तो झालेला असतो.

आकडा काढायला मिफ्लिन आणि सेंट जिओर यांचं सूत्र पुरतं. १९९० साली अमेरिकेत ४९८ जणांच्या मोजमापांवरून ते बसवलं गेलं. वजन (किलो) गुणिले १०. त्यात उंची (सेंमी) गुणिले ६.२५ मिळवायची, वय गुणिले ५ वजा करायचं. पुरुषांनी वर ५ मिळवायचे, बायकांनी १६१ वजा करायचे. दिवसभर नुसतं पडून राहिलं तरी शरीर जेवढ्या कॅलरी खर्च करतं, तो हा आकडा.

समजा, बँकेतले एक कॅशियर आहेत. वय ४२, वजन ७८ किलो, उंची १६५ सेंमी. उत्तर येतं १६०६. बैठ्या दिनक्रमासाठी याला १.२ ने गुणतात : १९२७. हलका व्यायाम असेल तर १.३७५ ने : २२०८. फरक २८१ चा. आता गंमत बघा. एवढ्या वजनाचा माणूस तासभर झपझप चालला, तर बसून राहण्यापेक्षा त्याच्या साधारण अडीचशे कॅलरी जास्त खर्च होतात. म्हणजे चालणं त्या १.३७५ मध्येच जमा झालेलं आहे. तरी मनगटावरचं घड्याळ ‘साडेतीनशे जळल्या’ म्हणतं, आणि साहेब तलावावरून परतताना पोह्यांची प्लेट आणि गोड चहा घेतात. एकच चालणं दोनदा वसूल! (घड्याळ बहुधा बसल्या जागी खर्च झाल्या असत्या त्या कॅलरीही धरतं, ते वेगळंच.)

२२०८ मधून चार-साडेचारशे वजा करा. १७५० ते १८०० हे या कॅशियरांचं रोजचं लक्ष्य. किलोभर चरबीत सुमारे ७७०० कॅलरी धरतात, त्या हिशोबाने सुरुवातीला आठवड्याला चारशे ग्रॅमच्या आसपास उतार पडावा. पुढे अंग हलकं होतं तसा खर्चही घटतो आणि वेग मंदावतो. घाई करून आकडा फार खाली नेऊ नये. बायकांनी तर १२०० च्या खाली डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊच नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू असणाऱ्यांनी काहीही कमी करण्याआधी विचारावं, साखर एकदम उतरू शकते.

आपल्याकडची खरी अडचण मात्र सूत्रात नाही, ताटात आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला २११० कॅलरी लागतात, कष्टाचं काम करणाऱ्याला ३४७०. खान्देशी स्वयंपाक या दुसऱ्या माणसासाठी घडला. दिवसभर वखरामागे चालणाऱ्याला तुपात बुडवलेली बट्टी पचायची. काउंटरवर बसणारा तीच बट्टी तेवढ्याच तुपाने खातो. कळण्याच्या भाकरीला दोष देऊ नका. साठ ग्रॅम पिठाची भाकरी दोनशेच्या आसपास जाते, पोटही भरते. भरताचं वांगंही निर्दोष आहे. हिशोब बिघडतो तो फोडणीत, दाण्यांत आणि शेवभाजीच्या तर्रीत. तेलाचा एक मोठा चमचा म्हणजे १२० कॅलरी. दोन चमचे जास्तीचे पडले की सकाळचं चालणं फिटलं. हिवाळ्यात मळ्यातल्या भरीत पार्टीला जरूर जा. पण तिथे तळलेल्या कळण्याच्या पुऱ्या मोजायला कोणी बसत नाही, हे धरून चला.

आकडा ठरला तरी तो अंदाजच. अनेक भारतीयांचा बसल्या जागीचा खर्च या सूत्रापेक्षा थोडा कमी भरतो, म्हणून पडताळणी काट्यावरच करायची : सकाळी, उठल्यावर, काही खाण्याआधी, आणि आठवड्याची सरासरी काढून. मे महिन्यात पारा ४४-४५ ला गेला की चालून आल्यावर वजन किलोभर उतरलेलं दिसतं. तो घाम असतो, दोन तांब्ये पाण्यात परत येतो. तीन-चार आठवडे सरासरी हललीच नाही, तर लक्ष्य शंभर-दीडशेने खाली आणा. भाकरी तेवढीच ठेवून आधी तेलाची बुधली महिन्याला किती रिकामी होते ते बघा.

पुढच्या आठवड्यात : डाळी, दाणे आणि प्रथिनांचा हिशोब.