वैधव्यात पुढे नेलेलं 'ख्रिस्तायन'

राळेगणसिद्धीच्या आम्हा लोकांना नगर म्हणजे बाजार, कोर्ट, दवाखाना. पण रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाईंचा संसारही याच नगरात झाला, हे माहीत आहे का?

१८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी आधी ताटातूट सोसली, पुढे त्याही ख्रिस्ती झाल्या आणि प्लेगच्या छावणीत रुग्णांची सेवा केली. १९१९ मध्ये टिळक गेले, त्यांचं ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं. लग्नानंतर अक्षरं गिरवलेल्या या बाईंनी त्यात ६४ अध्यायांची भर घातली!

क्रूस दुःख नाकारत नाही. देवही ते सोसतो, असं सांगतो. आपल्या बायकांनी जात्यावर दुःख ओवीतच तर दळलं. या दोन्ही वाटा 'ख्रिस्तायन'मध्ये मिळाल्या.

वाचायला सुरुवात लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रापासून करा. हसता हसता डोळे भरतील.

#लक्ष्मीबाईटिळक #ख्रिस्तायन